चार एमबीत मावलेलं गणगोत

जेठातल्या भर दुपारी, बाहेर लू, उन्हाळ्याचा तापला वारा, माणसाची साल काढत असताना, चपला दाराशी सोडून त्या खोलीत पाऊल टाकलं की फरशीचा गारवा तळव्यांतून पोटऱ्यांपर्यंत चढत यायचा. सगळ्या कॉलेजात थंड हवेची ती एकच खोली, आणि तीही माणसांसाठी नव्हती, मशीनसाठी होती. आत तापलेल्या धुळीचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास असायचा. आणि एक आवाज, डिस्क चालल्याचा, बारीक करकर, जणू भिंतीआड कोणी सुपारी कातरत बसलंय. काम सुरळीत असलं की तो आवाज थांबत थांबत यायचा. मेमरी भरत आली की तो अखंड व्हायचा, आणि मग मला न बघताच कळायचं की आता मशीनचा जीव घुसमटतोय. प्रोफेसर लोक पडद्याकडे बघून सांगत, मी दाराबाहेर स्टुलावर बसून कानांनी सांगत असे.

सुमन, माझी बायको, गेल्याला आठ महिने झाले. तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, तर हाताशी आली ती ही खोली, जिथे ती एकदाही आली नव्हती. असं का व्हावं? माणसाचं मन कुठल्या दारातून कुठे शिरतं, हे कोणाला सांगता आलंय? मला तर नाहीच. मी सातवी शिकलेला माणूस. ग्वाल्हेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीचा अटेंडंट होतो. एसी चालवायचा, धूळ पुसायची, कोण किती वाजता बसलं ते रजिस्टरात लिहायचं, आणि बिजली गेली की धावत जाऊन मशीन नीट बंद करवून घ्यायचं, एवढीच माझी विद्या.

त्या मशीनला सगळे वर्कस्टेशन म्हणत. तुमच्या खिशातल्या फोनपुढे ते म्हणजे हत्तीपुढे मुंगी. मेमरी अवघी चार एमबी. पण त्या काळी, घराघरांत टीव्ही नुकताच आला होता तेव्हा, त्याच्यासाठी शिकलेली माणसं रांग लावून उभी राहत. आमचे मुख्य सक्सेना साहेब, त्यांनी त्या मशीनवर प्रोलॉग नावाची एक भाषा बसवली होती. बाकीच्या भाषांत म्हणे मशीनला हुकूम द्यावा लागतो, आधी हे कर, मग ते कर. या भाषेत हुकूम नाही. जे खरं आहे ते सांगून ठेवायचं, त्याचे नियम सांगून ठेवायचे, आणि मग प्रश्न विचारायचा. उत्तर कसं शोधायचं ते मशीनचं मशीन बघतं. एका वाटेने जातं, वाट बंद निघाली तर मागच्या फाट्यावर परत येऊन दुसरी धरतं. पण कुठे कुठे फाटे सोडले ते ध्यानात ठेवावं लागतं, आणि मेमरी खर्च होते ती तिथेच. हे मला माधवी मॅडमनी समजावलं. त्या नव्यानेच लागलेल्या लेक्चरर, दाना ओली मोहल्ल्यातल्या मराठी घरातल्या, मला काका म्हणायच्या. मी म्हटलं, "मॅडम, हे तर आमची सुमन रोज करते." त्या हसल्या नाहीत. हातातला खडू खाली ठेवून म्हणाल्या, "काका, अगदी खरं बोललात."

कारण सुमनची ख्याती त्यांच्याही घरी होती. लष्कर भागात आमची मराठी घरं मूठभर. पूर्वी कधीतरी दक्षिणेतून फौजेबरोबर आली, इथेच रुजली आणि पिढ्यानुपिढ्या एकमेकांतच लग्नं करत राहिली. त्यामुळे नात्यांचा असा गुंता झाला की वाटेत भेटलेल्या माणसाला काका म्हणावं की मेहुणा, हे ठरवायला थांबावं लागे. अशा गोतात कोणी वारलं की पहिला प्रश्न, सुतक कोणाला आणि किती दिवसांचं? कोणाच्या घरी मुंज ठरलेली, कोणाचा गणपती बसायचा. भटजींकडे पंचांग होतं, पण पंचांगात नियम असतात, माणसं नसतात. माणसं सुमनच्या डोक्यात होती. बाया दारात येऊन उभ्या राहत, सुमन तांदूळ निवडत निवडत विचारे, "गेलेले तुमचे कोण? ते नको, आधी तुम्ही त्यांच्या कोण ते सांगा," आणि सूप खाली ठेवायच्या आत निकाल देई. एवढ्या नात्यांच्या जंजाळात ती कधी अडकली नाही, कधी वहीत बघितलं नाही. मी तिला कधी शाबासकी दिली का? नाही दिली. घरातल्या पाण्याच्या घागरीला कोण शाबासकी देतो?

त्याच साली सरकारने फेररचना काढली. आमचं सेंटर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सेंटरात विलीन करायचं, मशीन तिकडे, आणि मशीनबरोबर अटेंडंटही. फायलीत त्याला समायोजन म्हणत. विलीन हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. वडील संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, बंदूक गेली, आणि ते एका गोदामावर पहारेकरी झाले. ते म्हणत, "मोठ्यात लहान मिसळलं की लहानाला वाटतं आपण मोठे झालो. पुढे कळतं." मला पुढचं आधीच कळत होतं. घरात सुमनचे वडील अंथरुणावर होते, अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांना मुलगा नव्हता, आम्हाला मूल नव्हतं. दर तीन तासांनी त्यांची कूस बदलायची, आणि ते काम दोघांचं होतं, एकाने खांदा धरायचा, एकाने कंबर. त्यांना परगावी हलवायला डॉक्टरने साफ ना केली होती. म्हणजे मी एकटा जाणार आणि सुमन इथे त्यांच्यापाशी एकटी राहणार. ती म्हणाली, "जा तुम्ही. शेजारच्यांना हाक मारीन." एवढंच म्हणाली, आणि मला झोप येईना.

कमिटी येऊन बघणार होती की सेंटर समाजाच्या काही उपयोगाचं आहे का. असेल तर जागच्या जागी राहील. सक्सेना साहेब कपाळाला हात लावून बसले. त्यांच्याकडे दाखवायला होती ती पुस्तकातली कोडी. तेव्हा माधवी मॅडमनीच सुचवलं की सुतकाचा निकाल मशीनकडून काढू. माणसं सुमनकाकूंच्या डोक्यातून आणू, नियम पंचांगातून. साहेबांना ते पटलं. मग रोज सकाळी सुमन पोळ्या लाटता लाटता सांगे आणि मी जुन्या रजिस्टराच्या कोऱ्या पानांवर लिहून घेई: अमक्याचा बाप अमका, अमकी दिली अमक्यांकडे. मॅडम ते मशीनमध्ये घालत. चारशे-सवाचारशे माणसं झाली. सुमन म्हणे, "तुमच्या त्या डब्याला सांगा, बायकांची माहेरची नावंही ध्यानात ठेव म्हणावं. पुरुष विसरतात."

परीक्षेचा प्रश्न कोणाचा घ्यायचा? जित्या माणसाच्या मरणाचा प्रश्न विचारणं अभद्र. म्हणून मी म्हटलं, माझी आई घ्या, तिला जाऊन वर्षं झाली. मॅडमनी विचारलं, हिचं सुतक कोणाकोणाला? पडद्यावर इंग्रजी अक्षरांत पहिलं नाव आलं, वसंत. ते मी. दुसरं, सुमन. बरोबर, सून. मग पुन्हा वसंत. पुन्हा सुमन. वसंत, सुमन, वसंत, सुमन, आमची दोघांची नावं पडदाभर खालून वर सरकत राहिली, डिस्कची करकर अखंड झाली, आणि शेवटी मेमरी संपल्याची ओळ येऊन सगळं थिजलं. साहेब म्हणाले, "वसंत भैया, ये मशीन है या शादी का कार्ड छापने वाला प्रेस?"

तीनदा चालवलं, तीनदा तेच. मॅडमनी माझी पानं चाळली, आणि मग एकदम वर बघितलं. "काका, काकूंचं माहेर कोणतं?" मी म्हटलं, "माहेर कसलं, माझ्या मामाचीच मुलगी ती. घरात अंथरुणावर आहेत ते मामाच." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मामा की लड़की? सगे मामा की? वो तो बहन हुई, भैया." मी म्हटलं, "आपके यहाँ बहन हुई साहब, हमारे यहाँ बीवी." ते चष्मा काढून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. घोटाळा तिथेच होता. नियम लिहिले होते साहेबांनी, आणि उत्तरेकडची रीत त्यांच्या मनात पक्की होती. तिकडे नातं एकदा बाहेर गेलं की त्याच दारातून परत येत नाही. आमच्यात येतं. मशीन सुमनपासून निघालं, लग्नाच्या वाटेने माझ्यापाशी आलं, माझ्यापासून आईपाशी, आईपासून तिच्या भावापाशी, आणि भावापासून त्याच्या मुलीपाशी, म्हणजे पुन्हा सुमन. त्याला बापड्याला काय ठाऊक की ही तीच? ते पुन्हा माझ्याकडे निघालं.

मॅडमनी उपाय केला, ज्या माणसांकडे जाऊन आलो त्यांची यादी प्रत्येक वाटेबरोबर ठेवायची आणि त्यांच्याकडे पुन्हा जायचं नाही. उपाय बरोबर होता, पण वाटा इतक्या आणि याद्या इतक्या की चार एमबीत मावेनात. अर्धी माणसं काढून टाकली तर चाले. पण मग ज्याची त्याची काकू यादीतून गायब. कोणाला वगळायचं? मी विचारलं, "मेमरी आणखी आणता येत नाही का?" साहेब म्हणाले, "दिल्ली से आएगी, छह महीने में." कमिटी तर परवा यायची होती. आठवणीला जागा कमी पडते हे मला तेव्हा मशीनचं दुखणं वाटलं होतं. आता वाटतं, जागा प्रत्येकालाच कमी पडते. शहाणपण असतं ते काय ठेवायचं यात कमी आणि कुठून मागे फिरायचं यात जास्त.

घरी आलो तेव्हा सुमन मामांना मऊ भात भरवत होती. मी सगळं सांगितलं, आणि आपली दोघांची नावं कशी गोल गोल फिरत होती तेही. ती इतकी हसली की चमचा वाटीत ठेवावा लागला. मग म्हणाली, "अहो, मॅडमना सांगा, लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या वाटेने पुन्हा माहेरात खोलवर शिरायचंच नाही. तिचं माहेरचं माणूस गेलं तर तिच्यापुरते दिवस धरायचे, आई-बापाचे तीन, आणि तिथेच थांबायचं. तिच्या पलीकडे मोजत गेलात तर सगळं गावच सुतकात बसेल. मी कधी गेले नाही." एवढी साधी गोष्ट. यादी नको, काही नको. एक दार, आणि ते कुठे बंद होतं याची खूण. मी म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही माणसं विचारलीत. वाट कुठे विचारली?"

मामांचं अंग लुळं असलं तरी जीभ शाबूत होती. ते म्हणाले, "म्हणजे मी गेलो की तू तीन दिवसांत मोकळी." सुमनने त्यांच्या हनुवटीवरचा भात पदराने पुसला. "तीन दिवस सुतक, बाबा. रडण्याला कोणी हद्द घातलीय?" मामा म्हणाले, "मग ठीक आहे," आणि पुढचा घास घ्यायला तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो नियम घातला. तीन ओळी. मी स्टुलावर न बसता आत उभा राहिलो. माझ्या आईचाच प्रश्न विचारला. वसंत. सुमन. मग माझे चुलते, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, एकेक नाव ओळीने येत गेलं. सगळ्यांत शेवटी मामांचं नाव आलं, भाऊ म्हणून, आणि मशीन तिथूनच मागे फिरलं. डिस्क थांबत थांबत वाजत होती. आणखी कोणी? असं विचारलं तेव्हा पडद्यावर एवढासा शब्द उमटला: नो, म्हणजे नाही. त्या भाषेत 'नाही' म्हणजे शोध संपला, सगळ्या वाटा बघून झाल्या, आता बाकी काही उरलं नाही. नकाराने इतकं हलकं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कमिटीचे तिघे आले. त्यांतले सर्वांत म्हातारे, ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ये तो आप मराठी लोगों का हुआ. हमारे यहाँ तो सबको तेरह दिन." साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी त्यांच्यासमोर एक नियम पुसला, दुसरा लिहिला, माणसं तशीच ठेवली आणि प्रश्न पुन्हा विचारला. नवे दिवस, नवी यादी, पाणी प्यायला लागावा इतक्या वेळात. म्हातारे खुर्ची पुढे ओढून बसले आणि आपल्याच घराची विचारपूस करू लागले, त्यांच्या साडूभाऊंचं काय, त्यांच्या मेहुण्याचं काय, आणि मॅडम त्यांची माणसं मशीनमध्ये घालत गेल्या. तास गेला. जाताना त्यांनी मला विचारलं, "ये सारे नाम किसने लिखवाए?" मी म्हटलं, "मेरी पत्नी ने, साहब. चौथी पास है." ते थांबले आणि त्यांनी मान तुकवली. ती मान तिच्यासाठी होती. मी ती घरी नेली.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. सेंटर इथेच, पद इथेच. बडे बाबूंनी कागद वाचून दाखवला तेव्हा मी दोनदा वाचायला लावला. तशीच भर दुपार, महाराज बाड्याच्या चौकात माणूस दिसेना, डांबर पायाला चिकटत होतं, आणि मला सायकलवर वारा लागत होता. घरात शिरलो. मामांची कूस बदलायची वेळ झाली होती, सुमन एकटीच खटपट करत होती. मी जाऊन खांदा धरला, तिने कंबर. मामा कुशीवर वळले, आणि त्यांच्या पाठीवरून मी तिला म्हटलं, "राहिलो." तिने डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, "मग येताना दळण का नाही आणलंत?" तुम्ही म्हणाल, हा काय संसार? मी म्हणतो, हाच. मी त्या दिवशी तिला सांगितलं की तुझ्यामुळे राहिलो. तेवढं एक मी वेळेवर बोललो, त्याचं मला बरं वाटतं. बाकी पुष्कळ राहिलंच.

मामा त्यानंतर दोन वर्षं होते. ते गेले तेव्हा सुमनने तीन दिवस पाळले, चौथ्या दिवशी न्हाली, आणि चूल पेटवली. लोकांना वाटलं फार धीराची. मला माहीत होतं की ती महिनाभर रोज दुपारी मऊ भाताचं भांडं विनाकारण घासायची. मशीन पुढे कालबाह्य झालं, भंगारात गेलं. माधवी मॅडम नोकरीसाठी पुण्याला गेल्या, त्या अजून दिवाळीला फोन करतात. सक्सेना साहेब रिटायर झाले, आणि शेवटपर्यंत भेटले की विचारत, "कैसी हैं हमारी प्रोग्रामर?"

सुमन गेली ती कंपू भागातल्या इस्पितळात, अडीच महिने खाटेवर होती. घरी आणल्यावर शेजारच्या बायकांनी तिची ओटी भरली, हिरवं पातळ नेसवलं, आणि म्हणाल्या, "भाग्याची. सवाष्ण गेली." मला राग आला. माणूस गेलं त्यात भाग्य कसलं? मी तसं त्यांच्या तोंडावर बोललोही. पण मग सुतकाचे दहा दिवस मी घरात नुसता बसून होतो, कोणी शिवत नव्हतं, काही काम नव्हतं, आणि त्यांच्या बोलण्यातलं माझ्या कामाचं जे होतं ते मी हळूहळू वेचून घेतलं. त्या फेररचनेच्या साली मला धास्ती कशाची होती? पगाराची नव्हती, परगावाची नव्हती. ती एकटी पडेल याची होती. ती पडली नाही. तेव्हा नाही, मामा गेले तेव्हा नाही, आणि इस्पितळात तिची कूस बदलायची वेळ आली तेव्हाही नाही. नर्सबाई कंबर धरायच्या, खांदा मी धरायचो.

आमच्या दोघांतल्या एकाच्या वाट्याला एकटेपण यायचंच होतं. ती बदली रद्द करून घेता येईल अशी कमिटी कुठे बसत नाही. ते माझ्या वाट्याला आलं. घर अंगावर येतं, एका कपाचा चहा करताना साखर हमखास जास्त पडते, संध्याकाळ लांबते. मी रडतो, लपवत नाही. पण मग मी एक करून बघतो. माझ्या जागी तिला बसवतो: ती या खुर्चीत, ती एका कपाचा चहा ओततेय, दार वाजलं की उठायला दुसरं कोणी नाही म्हणून तीच गुडघ्यावर हात टेकून उठतेय. एवढं चित्र पुरं व्हायच्या आतच छातीवरचं काहीतरी उतरतं. मी उठतो, गोड झालेला चहा पिऊन टाकतो. बरं झालं, म्हणतो. मागे राहायचं ते मीच राहिलो, हे फार बरं झालं.